गेरू लावलेली म्हैस अन् मी

मैत्रिणींनो, आज चंद्रग्रहण होतं आणि मला सातवा महिना चालू आहे. त्यामुळं सासूबाईंनी मला दुपारपासून उपाशी बसवलं. ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा न्हाई.

आमची म्हैस पण गाभण आहे. ग्रहणाची बाधा होऊ नये म्हणून तिच्या पोटाला सासूबाईंनी गेरूचा पट्टा ओढला आणि पुढं कडबा टाकला. ती निवांत खाऊन राह्यली होती, मी खिडकीतून बघून राह्यले होते.

शेवटी उठले. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, गेरू लावल्यावर तिला खाणं चालतं, मंग मला पण लावा."

"तू काय जनावर हाईस का?"

"न्हाई ना. मंग जनावरापेक्षा वाईट हाल कामून?"

वाटीतला उरलेला गेरू मीच पोटाला लावला, टोपल्यातली भाकरी आणि ठेचा घेतला अन् गच्चीवर गेले. चंद्र उगवला तोच कडेला सावली घेऊन. माझी भाकरी संपली तोवर सावली सरकली होती, चंद्र साफ झाला होता. बाळ लाथा मारून राह्यलं होतं, बिलकुल ठणठणीत.

तुमच्या घरी ग्रहणात म्हशीला उपाशी बांधतात का? न्हाई ना. मंग सुनेलाच का?