वाघजाईचा कोंबडा आणि आमचं सभासदत्व

पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचं सभासद होणं परवडतं का, असं दुकानात येणारी माणसं मला विचारतात. मी त्यांना आधी माझी डावी पोटरी दाखवतो.

नसरापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, घर वरवे बुद्रुकला. स्वभाव काळजीखोर. दुकानाला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो आणि चौथ्यांदा निम्म्या रस्त्यातून परत येऊन बघतो. (एकदा ओढून ओढून कडीच हातात आली, पण ती गोष्ट इथे नको.) अशा माणसाने शिडीवर चढू नये. मी दिवाळीच्या साफसफाईत चढलो आणि उजवा पाय मोडून खाली आलो.

मी फरशीवर पडलेलो असतानाच आईने हात जोडले. "वाघजाई, माज्या दत्ताचा पाय सरळ व्हऊ दे, तुला कोंबडा देईन."

"आत्या, आधी रिक्षा बोलवू," सुनीता म्हणाली. सुनीता म्हणजे माझी बायको, सासूला ती आत्या म्हणते. आमच्या घरात कुणीतरी रिक्षा बोलवणारं लागतं.

पाय सरळ झाला. कोंबडा मात्र राहिला. आमची वाघजाई मूळ गावच्या डोंगरावर, वेल्ह्याच्या बाजूला, पालीच्या अलीकडं. तिथं जायचं जायचं म्हणताना दीड वर्ष गेलं, आणि तेवढ्यात एका संस्थेने डोंगराखालचं रान पक्ष्यांसाठी राखून घेतलं. कुंपण आलं, फाटक आलं, तिकिटाची खिडकी आली. देवीची पायवाट नेमकी त्या फाटकातून जाते. मी आपला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत बसलो.

एक दिवस आई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "दत्ता, पुढल्या साली मला चढवायचं न्हाई. गुडघं बास म्हणत्यात. नवस तसाच ठिवून मेले, तर तिला काय तोंड दावू?"

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मरणाबद्दल ती भाजीच्या भावासारखं बोलते, पण या वेळी तिचा आवाज हलला. मला एकदम फार वाईट वाटलं. नवस माझ्या पायाचा आणि झोप तिची उडालेली. मी त्याच दिवशी चौकशीला लागलो.

संस्थेचं एक माहितीपत्रक माझ्याच दुकानात झेरॉक्सला आलं होतं. प्रत्येक माणसाला, प्रत्येक खेपेला तिकीट. पण कुटुंबाचं सभासदत्व घेतलं, की वर्षभर फुकट प्रवेश, चेनवाली कापडी पिशवी भेट, आणि शिवाय माहितगार माणूस बरोबर फिरून पक्षी दाखवणार. आम्ही वर्षातून दोनदा तरी देवीला जाणार, तेव्हा सभासद होणंच बरं, असा मी हिशेब केला. सुनीता म्हणाली, "तुम्हाला कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नाही."

"ओळखायची अट नाहीये," मी म्हणालो.

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद होता आणि त्याखाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या. मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरून देतो. 'वाचून सही करा' अशी पाटी माझ्या दुकानात मी स्वतः लावली आहे. तरीही मी तो परिच्छेद न वाचता सही ठोकली आणि कागद आईपुढे धरला.

आईची सही ही सोपी गोष्ट नाही. ती साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात जाऊन सही शिकली. त्याआधी आयुष्यभर अंगठा. त्यामुळे सही करायची म्हटलं की ती हात धुते, चष्मा पुसते, पाट घेऊन बसते.

"काय लिव्हलंय हितं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. पक्ष्यांना त्रास देऊ नका, असलं काहीतरी."

"मग बराबर हाय की," म्हणून तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

कार्ड आलं, पिशवी आली. आईने वरव्यातूनच एक चांगला तांबडा कोंबडा घेतला. निघायच्या आदल्या दिवशी मी जेवत असताना सुनीता म्हणाली, "एक विचारू? पक्षी वाचवणाऱ्या लोकांच्या फाटकातून, सभासदाचं कार्ड दाखवून, आपण कोंबडा कापायला नेणार आहोत ना?"

देवाशप्पथ सांगतो, कोंबडा हा पक्षी आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. पक्षी म्हणजे झाडावरचा. कोंबडा म्हणजे कोंबडा.

झालं. तिथून माझे प्रश्न सुरू झाले. कोंबडा सापडला तर कार्ड काढून घेतील का? वनखात्याला कळवतील का? माझ्या दुकानाच्या नावासकट पेपरात येईल का? मी आईला म्हणालो, "नारळ दिला तर?"

"पाय मोडला तवा नारळ बोलले व्हते का म्या?"

सकाळी प्रश्न आला कोंबडा न्यायचा कशात. टोपलीतून न्यावा तर दिसणार. गोणी घ्यावी तर तपासणार. घरात चेन लागणारी, हवा खेळणारी, बेताच्या मापाची पिशवी एकच निघाली. सभासदांना भेट मिळालेली. तिच्यावर एका निळ्या पक्ष्याचं चित्र आणि खाली 'पक्षी आपले सोबती'. सुनीताने पाय बांधलेला सोबती आत बसवला, डोकं बाहेर निघणार नाही एवढीच फट ठेवून चेन लावली, आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. वडापच्या जीपमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, कोंबडा गुदमरंल." म्हणजे जे मी लपवत होतो ते अख्ख्या जीपला ठाऊक होतं.

फाटकावर एक बाई उभ्या होत्या. लेलेबाई. पुण्याच्या निवृत्त प्राध्यापिका, गळ्यात दुर्बीण, हातात वही. मी कार्ड पुढे केलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"सभासद? आणि सगळं कुटुंब? अहो, इकडच्या गावांतले तुम्ही पहिलेच. चला, मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

"नको नको," मी म्हणालो, "तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? सभासदांचा हक्कच आहे तो."

आमच्या मागून एक घर आलं, नवरा, बायको आणि पाटीत उघडा कोंबडा. ते सरळ आत निघून गेले. त्यांच्याबरोबर कुणी आलं नाही. त्यांना कुणी काही विचारलंही नाही. मी मात्र खांद्याची पिशवी पोटाशी धरून लेलेबाईंच्या मागे चालू लागलो.

आई दहा पावलं चालायची आणि थांबायची. ती थांबली की लेलेबाई एक पक्षी दाखवायच्या. मी दुर्बिणीतून बघायचो, मला फक्त पानं दिसायची, आणि मी "वा" म्हणायचो. अर्ध्या चढावर पिशवीतून आवाज आला. "कक्."

लेलेबाई जागच्या जागी थांबल्या. "हलू नका कुणी," त्या कुजबुजल्या. "रानकोंबडा."

मी हललो नाही. मला हलताच येत नव्हतं.

"दबका आवाज आहे, पण अगदी जवळ असणार."

"लई जवळ हाय," आई म्हणाली.

लेलेबाईंनी वहीत लिहून घेतलं. वेळ लिहिली, जागा लिहिली. "आजी, तुमचे कान फार चांगले आहेत," म्हणाल्या. सुनीताने पदर तोंडात कोंबला. पिशवीतल्या सोबत्याने आतून माझ्या बरगडीवर चोच मारायला सुरुवात केली होती. प्रत्येक चोचीला मी खोकायचो. लेलेबाई म्हणाल्या, "सभासदांसाठी आमचं आरोग्य शिबिरही असतं."

देवळापाशी पोहोचलो. आई पायरीवर टेकली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, तुमी भलं मानूस. म्या देवीसमोर लबाडी न्हाई करायची. त्यो आवाज आमचा हाय." आणि तिने माझ्या खांद्यावरच्या पिशवीची चेन ओढली. निळ्या पक्ष्याच्या चित्रावर तांबडं डोकं वर आलं आणि एवढ्या वेळाची भरपाई करत पूर्ण आरवलं.

मी डोळे मिटून घेतले. लेलेबाईंचा आवाज आला, "अहो, मग लपवलात कशाला? देवळात जाणाऱ्यांना तिकीट नाही. कोंबडा नेला तरी आमची हरकत नाही. गावकऱ्यांशी बोलून ठरलंय तसं. फाटकावर केवढी पाटी आहे."

पाटी मी पाहिलीच नव्हती. सगळा वेळ मी पिशवी बघत होतो. म्हणजे तिकीटही नव्हतं आणि बंदीही नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यात लेलेबाई अवघडून म्हणाल्या, "फक्त... तुम्ही सभासद आहात ना."

त्यांनी कार्ड उलटं केलं. फॉर्मवरचा तोच बारीक परिच्छेद मागे छापलेला होता. मी तो आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने वाचला. 'आम्ही सर्व कुटुंबीय शब्द देतो की, या रानात आमच्या हातून कोणत्याही पक्ष्याचा जीव जाणार नाही.'

"अन् त्याखाली म्या सही केली?" आईने विचारलं.

"केली," मी म्हणालो. "पण मी राजीनामा देतो, आई. आत्ता. बाई, वहीतलं एक पान मिळेल का?"

"गप." आई इतक्या हळू म्हणाली की मी खरंच गप्प झालो. "तुला सही कराया काय लागत न्हाई, म्हनून तुला तिची किंमत न्हाई. म्या साठ वर्सं अंगठा दिला. सही केली म्हंजी केली."

ती देवीसमोर बसली. एका बाजूला देवीला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला कागदाला दिलेला, आणि परत चढून यायला गुडघे नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. माझ्या आळसाने आणि शहाणपणाने मी तिला या वयात देवीसमोर खोटं पाडलं, आणि याची मला मनापासून लाज वाटली. लेलेबाई सुद्धा चष्मा काढून उभ्या राहिल्या.

मग आईने नाक पुसलं. "बाई गं," ती देवीला म्हणाली, "कोंबडा देईन म्हनले व्हते. कापीन म्हनले न्हवते. घे, ह्यो तुजा." तिने कोंबड्याला हळदकुंकू लावलं, देवीपुढे टेकवला आणि पायांची दोरी सोडली. देवाच्या नावानं जनावर सोडतात, तसा सोडला.

"आजी," लेलेबाई दबकत म्हणाल्या, "फार छान केलंत. पण घरचा कोंबडा रानात सोडता येत नाही. मुंगूस एका दिवसात संपवेल त्याला."

"मग देवीचा कोंबडा आमच्या घरी ऱ्हाईल," आई म्हणाली. उतरताना ती एकदाही थांबली नाही. लेलेबाईंनी वहीतला रानकोंबडा खोडला.

तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. देवीचा असल्यामुळे त्याला कोंडायचं नाही, हाकलायचं नाही, रागवायचं नाही. तो ओट्यावर झोपतो, माझ्या गाडीच्या सीटवर बसतो, आणि रोज सकाळी मी दुकानाला निघालो की धावत येऊन डाव्या पोटरीला चोच मारतो. उजव्याला कधी मारत नाही. "नवसाचा पाय त्यो वळखतो," असं आई अभिमानाने सांगते.

वर्ष संपलं. सभासदत्व पुढे चालू ठेवायचा फॉर्म आला. आई हात धुऊन, चष्मा पुसून सही करून मोकळी झाली. तेव्हा परवडतं का, असं विचाराल तर परवडतं. संस्थेने किती पक्षी वाचवले मला माहीत नाही, मी मात्र एक नक्की वाचवला आहे. आता त्या पक्ष्यापासून माणसाला वाचवणारी एखादी संस्था तुमच्या पाहण्यात असेल तर सांगा. मी आजन्म सभासद होतो, आणि या खेपेला फॉर्म वाचून.