उत्तमच्या आवाजाचा परवाना

वत्सला सौसरच्या नगरपालिकेत कारकून आहे. तिचा नवरा उत्तम शाळेत मास्तर होता. भीमजयंतीला माइक त्याच्याच हाती असायचा. अंध लोकांना मजकूर वाचून दाखवणारं एक मोकळं सॉफ्टवेअर काही मंडळी बनवत होती. ते कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, असा त्याचा परवाना. उत्तमनं त्यासाठी आपला आवाज दिला. खोली बंद करून तो वाक्यं वाचायचा आणि प्रत्येक वाक्याआधी हलकंसं खाकरायचा. ते खाकरणंही त्यात गेलं.

पुढच्या वर्षी त्याचं हृदय बंद पडलं.

मग एकदा पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर, भर दुपारी, वत्सलाला मागून ते खाकरणं ऐकू आलं. ती वळली. एका टपरीवरचा भोंगा कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करत होता, उत्तमच्या आवाजात. तिची बस निघून गेली तरी ती तिथंच उभी होती.

आठवड्याभरात फोन आला. "वत्सलाताई, जेवण झालं का?"

उत्तमनं तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. तरी तिच्या तोंडून "हो, झालं" निघून गेलं. पलीकडचा आवाज क्षणभर थांबला, खाकरला, आणि विम्याची योजना सांगू लागला.

नागपूरला नोकरी करणाऱ्या पल्लवीनं, तिच्या मुलीनं, शोध घेतला. "आई, यात चोरी नाही. परवान्यातच आहे, कोणीही कशासाठीही वापरू शकते. बाबांनी ते मान्य केलं होतं."

"मंग आता काही होत नाही का?"

"परवाना नव्यानं लिहून राहिले ते. मसुदा सगळ्यांसाठी उघडा ठेवला आहे. आपल्या भाषेत लिहिलं तरी चालते."

वत्सलानं लिहिलं. मग एका रविवारी सकाळी त्या मंडळींची ऑनलाइन बैठक झाली. सुट्टीला घरी आलेल्या पल्लवीनं आईला फोनसमोर बसवलं. चर्चा सुरू व्हायची होती, तेवढ्यात कोणीतरी खाकरलं.

"माझे पती उत्तम वारले आहेत," उत्तम म्हणाला. "त्यांचा आवाज आता बंद करा. मला घरात एकटं राहायची भीती वाटते."

वत्सलानं पल्लवीचा हात घट्ट धरला. शब्द वत्सलाचेच होते, मसुद्याखाली तिनं लिहिलेले.

"माफ करा काकू, माझा माइक सुरू राहिला," एक तरुण घाईनं बोलला. तो मोहगावचा अभिजीत होता, जन्मापासून अंध. "तुमचं म्हणणं वाचून राहिलो होतो. माझ्याजवळ वाचायले हाच आवाज आहे. सर तर मले कधी भेटले नाहीत, पण पूर्ण बीए मले त्यांनीच वाचून दाखवलं."

वत्सलानं फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "बंद नका करू. पण त्यांच्या आवाजात कोणी फेरफार करून भलतंच काही बोलवलं, तर आधी तसं सांगावं. जे ते बोललेच नाहीत, ते ऐकून मी फसू नये."

पुण्याच्या एकानं हरकत घेतली. अशी एकेक अट वाढली, तर मोकळेपणा उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. नागपूरची उर्वशी मसुदा सांभाळत होती. ती म्हणाली, "सांगायला लावणं म्हणजे अडवणं नाही." वाद कित्येक महिने चालला. शब्द चारदा बदलले, एकदा कलमच गळालं, लोकांनी ते परत आणलं. शेवटी ते पक्कं झालं. बदललेल्या आवाजानं बोलण्याआधी तसं जाहीर करायचं.

पल्लवीनं आनंदानं फोन केला, आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली. जुन्या परवान्याखाली बाहेर गेलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. त्यांना नवी अट लागू नाही.

आता अनोळखी नंबरवरून फोन आला की वत्सला उचलते आणि स्वतः काही बोलत नाही. कधी उत्तम सांगतो, "हा आवाज बदललेला आहे," आणि तिला हायसं वाटतं. कधी तो फक्त खाकरतो, आणि पलीकडे कोणीतरी तिच्या बोलण्याची वाट पाहत राहतं.