खटक्याचा हिरवा दिवा

खटक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो ओ देत नसे, म्हणून आपणही खटक्याच म्हणू. पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणारा माणूस. गिऱ्हाइकाने "किती वेळ लागेल?" विचारलं की मिक्सर परत त्याच्या हातात. "घेऊन जा, घरी बसून वेळ मोज." तरी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर, कारण जळलेली मोटर हा गडी नुसत्या वासावर ओळखायचा. हाताखाली येईल त्याला तो एकच गोष्ट शिकवी: दोष शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलायची. एकाने एकदा वायर आणि बटण दोन्ही एकदम बदललं. पंखा फिरला, आणि तरी त्याची हकालपट्टी झाली. "फिरला रे, पण कशामुळे फिरला ते सांग!"

त्याच्या दुकानात, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, त्याचा धाकटा भाऊ बसायचा. बारा वर्षांपूर्वी एक पक्कड हरवली, त्यावरून दोघांची जुंपली आणि धाकटा घरी बसला. तेव्हापासून समोरासमोर असले तरी एकमेकांशी भिंतीमार्फत बोलायचे. "त्याला म्हणावं, पाय बाजूला घे."

पुढे खटक्याला झटका आला. हातपाय गेले, जीभ गेली. मान आपली आपण डोलायची, डोळे सारखे मिचमिचायचे. धाकटा म्हणे, "तो हो म्हणतोय." खटक्याची लेक म्हणे, "बाबा नाही म्हणतायत." आणि वाद होता दुकानाचा. धाकट्याला ते स्वतःला हवं होतं. लेकीला ते बाबांच्या हयातीत कुणाला द्यायचं नव्हतं.

लेक तंत्रशाळेत शिकवायची. तिने मेंदूच्या लहरी टिपणारा एक स्वस्तातला पट्टा आणला. कपाळावर धातूच्या दोन चकत्या, कानाला एक चिमटा, बस्स. पट्टा मोबाइलला आणि मोबाइल एका हिरव्या दिव्याला जोडला. "बाबा, हो म्हणायचं असेल तर मनात अगदी जोर लावून हो म्हणा." पाणी हवं? दिवा लागला. पंखा लावू? नाही लागला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात धाकटा आत शिरला. आल्या आल्या विचारलं, "दुकान मला देतोस?" बारा वर्षांत पहिल्यांदा थेट. आणि दिवा भक्कन लागला!

दोघा भावांचा ऐंशीचा मामा होता, घरातला शेवटचा शब्द त्याचा. तो म्हणाला, "रविवारी माझ्यासमोर पुन्हा विचारा. दिवा सांगेल तिकडे किल्ली."

खटक्या खाटेवर पडून जळत होता. मनात शंभर वेळा "नाही" असं ओरडलेला माणूस "हो" कसा म्हणाला? मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. लेक पट्टा बांधून सराव करून घ्यायची तेव्हा तो आपले प्रयोग करू लागला. एका वेळी एकच गोष्ट. मनात हो, तोंड सैल: दिवा नाही. मनात काहीच नाही, दात घट्ट: दिवा! पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे हे यंत्र डोकं ऐकतच नव्हतं, जबडा ऐकत होतं. जोर लावून हो म्हणताना दात आवळले जायचे. आणि धाकटा दिसला की जन्मभराच्या सवयीने तो दातओठ खायचाच. त्याच्या रागालाच यंत्र होकार समजत होतं.

दोष सापडला, पण उपाय महाकठीण. रविवारी भावासमोर दात आवळायचे नाहीत!

रविवारी दुपारी मामा खुर्चीत, किल्ली मामाच्या मुठीत. लेकीने पट्टा बांधला. धाकट्याने विचारलं, "दुकान मला ना?"

खटक्याने जबडा सोडून दिला. तोंड उघडं, लाळ हनुवटीवर. दिवा विझलेला.

"बघा, कसा वेड्यासारखा आ वासलाय," धाकटा म्हणाला. "याला काय कळतंय? तेव्हाही कळत नव्हतं. निम्म्या मोटरींची वाइंडिंगं मी करायचो आणि नाव याचं!"

खटक्याच्या कानशिलावरची शीर ताडताड उडाली. तोंड मात्र उघडंच.

"आणि ती पक्कड मीच घेतली होती. अजून आहे घरी. चांगली चालते!"

हे ऐकून मेलेला माणूससुद्धा उठून बसला असता. खटक्याने अख्ख्या आयुष्यात कुठल्या मोटरीवर घेतली नसेल एवढी मेहनत त्या क्षणी जबड्यावर घेतली. दिवा लागला नाही.

"यंत्र बिघडलंय," धाकटा म्हणाला.

"त्या दिवशी बरं होतं ते?" मामा म्हणाला. "पोरी, तू विचार."

"बाबा, दुकान तुमच्याच नावावर राहू दे?"

कट्कन दात मिटले. दिवा लागला. सुटले, मिटले, पुन्हा लागला. लेक एका हाताने त्याचं कानशील धरून लाळ पुसायला वाकली होती. बोटांखाली कानशिलाचा स्नायू टुणकन उडालेला तिला कळला. तिने दिव्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि एक अक्षर बोलली नाही. मामाने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"भांडखोराला यंत्रही भांडखोरच मिळालं," असं म्हणत धाकटा चपला शोधू लागला.

लेकीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाबा, काका अधूनमधून येऊ देत का भेटायला?"

खटक्याने घसा दिसेपर्यंत तोंड उघडलं, आणि काकाच्या चपलांचा आवाज जिन्याखाली जाईपर्यंत मिटलं नाही.