शिरूर ते कुरकुंभ : एका सत्काराचा संताप

गड, घाट आणि खाण्याच्या जागा शोधत या ब्लॉगवर येणाऱ्यांनो, आधीच सांगते, या वेळी माझं डोकं फिरलेलं आहे. रस्ता सांगेन, जेवण कुठे मिळतं तेही सांगेन, पण गोड बोलायला जमणार नाही.

माझी मामेबहीण मनीषा शिरूरजवळच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिचा फोन आला, "ताई, रविवारी गेटवर आमच्या युनियनचा बोर्ड लागतोय. कमिटीची नावं बी जाहीर व्हनार हायती. तू यायलाच पायजे." ही युनियन उभी राहिली ती पॅकिंगच्या बायकांमुळे. मनीषाने हळदी-कुंकवाच्या निमित्ताने घरोघरी बायका जमवल्या, त्यांची भीती घालवली, मग पुरुष आले. कंपनीला हे कळलं आणि तिला परराज्यातल्या प्लांटला पाठवायची भाषा सुरू झाली. तिची मुलगी दहावीला आहे. युनियनच्या पदाधिकाऱ्याला कायद्याचं थोडंफार संरक्षण असतं, त्यामुळे कमिटीत पद मिळालं असतं तर तिला हलवणं कंपनीला सोपं गेलं नसतं. एवढ्यासाठीच तिला ते हवं होतं.

शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट आहे. वाघोलीत जीव नकोसा होतो, शिक्रापूर ओलांडलं की गाडी पळते. शिरूर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री अशी की नाकातून पाणी, पण वर दोन पाव मागितलेच.

गेटवर मांडव, हलगी, गुलाल. बोर्डावरचा पडदा बाजूला झाला, नारळ फुटला, आणि रांगडे गडी एकमेकांना मिठ्या मारून रडले. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. मग नावं वाचली गेली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार, सगळे बाप्ये! शेवटी माइकवरून पुकारा झाला, "आता आपल्या महिला आघाडी प्रमुख मनीषाताईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!"

टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, तिच्या चेहऱ्याकडे लक्ष जाईपर्यंत. आपल्याकडे शाल-श्रीफळ पाहुण्याला नाहीतर रिटायर होणाऱ्याला देतात. हिची तर लढाई आत्ता कुठे सुरू झाली होती.

मनीषाने माइक हातात घेतला. "सत्कार केला, लई आभार. पन ही आघाडी कमिटीत धरत्यात का?"

अध्यक्ष हसले. "ताई, मीटिंगा रात्री-अपरात्री असत्यात. तुमाला कशाला तरास?"

"सेकंड शिफ्ट करून रातचीच घरी जाती की मी. तवा कुनाला माझा तरास दिसला न्हाई."

मांडवात हशा पिकला. जणू ती गंमत करत होती! तेवढ्यात कुणीतरी माइक काढून घेतला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि आम्ही दोघी तिच्या स्कूटीवरून कुरकुंभला निघालो. तिथल्या केमिकल कंपन्यांमधले जुने पुढारी आप्पा हे मनीषाच्या युनियनचे सल्लागार. त्यांचा शब्द शिरूरचे अध्यक्ष मोडत नाहीत. न्हावरा, मग चौफुला, पाटस असा रस्ता. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न वाजवू नका, उपयोग शून्य. चौफुल्याला ढाब्यावर शेवभाजी चांगली मिळते. कुरकुंभ जवळ आलं की आधी नाकाला कळतं.

आप्पांनी घरात अगदी लेकींसारखं बसवलं. युनियनने कुणाची लग्नं लावली, कुणाच्या मयतीला ट्रक भरून माणसं गेली, गणपतीत नाटकं कशी बसवली, भरभरून सांगत होते. "युनियन म्हंजी कुटुंब हाय, पोरींनो." कुटुंब म्हटलं की मला धडकीच भरते, कारण कुटुंबात चूल कुणाच्या वाट्याला येते ते चांगलं ठाऊक आहे. त्यांच्या बायको, काकू, पिठलं-भाकरी वाढत होत्या. आप्पा कौतुकाने म्हणाले, "मोठ्या संपात हिनं सगळ्या बायका लावून गेटवर भाकऱ्या पुरवल्या. न्हाईतर संप मोडला असता."

"मग काकू कमिटीत हुत्या?" मनीषाने विचारलं.

आप्पांना खरंच प्रश्न कळला नाही. मग खो खो हसले. "आगं, ही कशाला कमिटीत!"

काकू हसल्या नाहीत. आत निघून गेल्या. "तुझ्या पदाचं फुडच्या टर्मला बघू," आप्पा मनीषाला म्हणाले आणि विषय संपला.

मनीषाने मला दौंड स्टेशनला सोडलं. पुण्याला जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत, खिडकीही मिळाली. यवत गेलं तरी मी मनातल्या मनात भांडतच होते.

आठवडा उलटायच्या आत तिच्या हातात बदलीची ऑर्डर पडली. अध्यक्ष म्हणाले, निषेध नोंदवू. नोंदवा की! या ट्रिपमधून माझ्याकडे फोटो उरले ते गुलालाचे आणि ते बघितले की चीड येते. युनियन नको असं मी म्हणणार नाही. ती हवीच आहे, म्हणून तर इतकं जळतंय.

काल संध्याकाळी मनीषाचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता. पॅकिंगच्या सगळ्या जणी शिफ्ट सुटल्यावर युनियनच्या ऑफिसात जाऊन कमिटीच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. तिला पद दिल्याशिवाय उठणार नाहीत म्हणे.

"अध्यक्ष म्हनत्यात, घरी जावा, पोरं वाट बघत असतील."

"मग?"

"मग काय, आम्ही म्हनलं, तुमची न्हाई का बघत?"