काच शाबूत आहे ना?

जुन्या बिल्डिंगा दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे किस्से न मागता साठतात. डॉक्टरपुढे लोक निदान जीभ तरी बाहेर काढतात, आम्हा इंजिनिअरांपासून मात्र भेगा लपवतात! आता हसून सांगतो खरा, पण त्या वर्षी कात्रजच्या अलीकडच्या एका चार मजली सोसायटीनं माझी झोप उडवली होती. हे सगळे किस्से तिथलेच.

*

सेक्रेटरी दामलेकाका खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी ते मला घरोघर घेऊन फिरले. एका घरात दाराच्या कोपऱ्यावर, भलत्याच ठिकाणी कॅलेंडर टांगलेलं. बघतो तर साल कधीचंच उलटून गेलेलं! मी हात पुढे केला.

"अहो, ते काढू नका!" घरातल्या काकू ओरडल्या. "त्याच्यामागे भेग आहे. सूनबाई घाबरते."

"काकू, मी तीच बघायला आलोय."

"मग ती हिंजवडीला गेली की या. आज तिचं घरून काम आहे."

*

खरी भीती होती ती पार्किंगमधल्या एका पिलरची. त्याची एक बाजू तळमजल्यावर तात्यांच्या खोलीत यायची. ही बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी राहिली ते हे तात्या. जमिनीच्या बदल्यात त्यांना हा फ्लॅट मिळाला होता.

आमचे मिस्त्री रशीदभाई यांनी पिलरवर हातोडी मारली. खणखणीत आवाज यायला हवा, तो आला पोकळ. प्लास्टरचा पोपडा पडला आणि आतून चक्क गोणपाट डोकावलं!

"काका, हे कुणी भरलं?"

"मागच्या कमिटीनं."

"तेव्हा सेक्रेटरी कोण होतं?"

"मीच. पण ठराव एकमतानं झाला होता!"

रशीदभाईंनी आतली गंजलेली सळई बोटानं सोलून दाखवली. या पिलरच्या जिवावर वर चार मजले झोपत होते.

*

तातडीनं पिलरभोवती लोखंडी टेकू लावले. दुसऱ्या दिवशी येतो तर एक टेकू भिंतीशी उभा करून ठेवलेला आणि त्याच्या जागी स्कूटर!

स्कूटरवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "जरासा बाजूला घेतला. ही जागा मला अलॉट झालेली आहे."

"अहो, बिल्डिंग खाली येईल!"

"आली तर माझीच गाडी सापडेल ना? मग तुमची तक्रार काय?"

मी स्वतः स्कूटर ढकलत बाहेर नेली. टेकू परत जागेवर लावून घेतला.

*

गच्चीवर मीटिंग झाली. मी सांगितलं, पिलरचं काम होईपर्यंत घरं रिकामी करा. कुणी हसलं नाही, कुणी भांडलं नाही. एका बाईंनी फक्त विचारलं, "अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन कुठे जाऊ?"

दामलेकाका म्हणाले, "आपण लेखी द्या, की बिल्डिंग पडणार आहे."

"असं लेखी कसं देऊ?"

"मग लेखी द्या, की पडणार नाही."

*

मी मधला मार्ग काढला. तात्यांच्या खोलीत पिलरच्या भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. भेग जराशी जरी रुंदावली तरी काच तडकते.

सगळ्यांना बजावलं, "काच फुटली की त्याच दिवशी घर सोडायचं. शाबूत आहे तोवर राहा." मग तात्यांना म्हणालो, "काच तुमच्या ताब्यात. सगळी बिल्डिंग तुमच्यावर आहे."

"बिनघोर ऱ्हावा," तात्या म्हणाले. त्यांच्या पत्नीनं लगेच काचेला हळदकुंकू वाहिलं.

सभासदांच्या सह्या गोळा होईपर्यंत पाऊस लागला आणि काम लांबलं. ढग गडगडले की मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. रोज संध्याकाळी फोन करायचो, "तात्या, काच?"

"शाबूत हाय!"

मग कुठे मी जेवायला बसायचो. दामलेकाका भेटले की टोमणा ठरलेला, "काय हो, पडली का आमची बिल्डिंग?" हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपण उगाच घाबरलो.

*

पाऊस उघडल्यावर रशीदभाईंना घेऊन कामाला गेलो. आधी तात्यांची खोली गाठली. भेगेवर काच लखलखत होती. हळदकुंकवाचा डागसुद्धा नव्हता.

"कमाल केलीत तात्या! एवढ्या पावसात काच शाबूत राखलीत."

तात्यांची छाती फुगली. "राखनार न्हाई तर? तुम्हीच म्हनाला, काच फुटली की समद्यांनी घर सोडायचं. एवढी बिल्डिंग माझ्यावर! तडकली रं तडकली, की लगीच दुसरी बसवतो."

त्यांनी पलंगाखालून कागदात गुंडाळलेला पट्ट्यांचा गठ्ठा ओढून काढला. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं. रशीदभाईंनी छताकडे बघत हातोडी अलगद खाली ठेवली.

माझा चेहरा बघून तात्यांनी पाठीवर हात ठेवला. "घाबरू नगा सायेब," ते म्हणाले, "काचा अजून लई हायत!"