पासवर्ड विचारणारी शोभाताई

खिडकी आलीच नाही! फाइल उघडली का पासवर्ड विचारणारी खिडकी येते, रोज येते, अन् आज ती न येताच यादी सरसर खाली उतरली, सारी नावं, त्यात माह्या पोरीचंही. पोरगी मांडीवर रडून रायली होती अन् मी माउस सोडून तोंडाले हात लावला. मागून आमच्या हापिसाचे मोठे सर म्हणे, "पाय, किती सोपं केलं! अमरावतीच्या हापिसातून पासवर्ड फाइलीच्या कोडातच टाकून घेतला. फाइल ग्रुपवरही टाकली, गावोगावच्या गोळ्या वाटणाऱ्या बाया आता घरूनच पायतीन."

शोभाताई असती तं तिनं सरायच्या हातचा चहा सांडवला असता. पण तिले जाऊन महिनाही झाला नाही.

शोभाताई म्हणजे आमच्या अकोल्याच्या हापिसातली कॉम्प्युटरवाली. आमची संस्था सिकलसेलवाल्या लेकरायले गोळ्या पुरवते, पार जंगलातल्या सेमाडोहपर्यंत. आजार रक्तातला, मायबापाकडून येणारा, म्हणून पोरीचं नाव यादीत हाये हे कळलं का सोयरीक मोडते. यादी मोठ्या कॉम्प्युटरवर कुलपात रायते, अन् एक्सेलची फाइल ती आणून दाखवते. ताईनं कोडच असा लिहिला का फाइल दर वेळी पासवर्ड विचारन, त्यानं मोठ्या कॉम्प्युटरचं कुलूप उघडन, यादी आणन, अन् बंद करतानी पासवर्डही पुसन अन् यादीही.

मी दहावी नापास. पोरीच्या गोळ्या न्याले आली तं तिनंच मले कामाले बसवलं. पयल्याच दिवशी मी म्हटलं, "ताई, रोज रोज कायले टाइप कराचं? फाइलीतच लिहून ठेवा ना."

"घराले कुलूप लावून चाबी दारालेच टांगतं का वं तू?"

"आमच्या घरी चोराले न्याले हायेच काय!"

तशी हासली, तोंडातली बडीसोप उडेपर्यंत हासली. मंग म्हणे, "इथं हाये ना. इथं लोकायच्या पोरी हायेत."

पासवर्ड टाकतानी ती माह्या लेकरालेही पाठमोरं बसवे. मी म्हणो, "ताई, तिले अजून बोलता येत नाही." ती म्हणे, "सवय लागू दे तिले."

एकदा चांदूर बाजारची एक बाई आली, डब्बाभर लाडू घेऊन. होणारी सून यादीत हाये का, येवढंच पायजे होतं. "हो का नाही, येवढंच सांगा बाप्पा!"

ताई म्हणे, "मावशे, तुमच्या पोराचं रक्त तपासून घ्या. मी करून देतो, फुकटात."

"आमच्या पोराले काय धाड भरली?"

"तेच तं पायचं हाये."

बाई लाडवासकट निंघून गेली. ताई म्हणे, "लाडू चांगले होते वं, वास येत होता."

छातीत दुखे तं ताई म्हणे, ॲसिडिटी हाये. अमरावतीहून येतानी बसमधीच गेली. सोबतच्या बाईले वाटलं, झोपली. मले तिनं आधीच शिकवून ठेवलं होतं, मोठ्या कॉम्प्युटरवरचा पासवर्ड कसा बदलाचा ते. "चाबी हरपली तं आधी कुलूप बदलाचं. रडाचं मंग."

तं आज सर बाहेर गेले अन् पोरीले फरशीवर ठेवून मी तेच केलं. तिनं शिकवलं तसा नवा पासवर्ड दोनदा टाइप केला. बदलला एकदाचा. ग्रुपवरची फाइल मेली, कोणालेच यादी दिसेना. तोपर्यंत कोणी पायलं, कोणी नाही, देवाले माईत.

सर परत आले, लाल झालेले. "नवा पासवर्ड सांग, कोडात टाकतो."

"सर, ताईची जुनी फाइल हाये ना, मी रोज उघडून देतो."

"तू मालकीण झाली का इथली? उद्या सकाळी सांग, नाही तं येऊच नको."

सांगतलं तं त्या साऱ्या पोरी उघड्यावर. नाही सांगतलं तं मी हापिसाबाहेर, मंग यादी निंघत नाही, गोळ्या जात नाहीत, सेमाडोहच्या लेकरायच्या नाहीत अन् माह्या पोरीच्याही नाहीत. गोळी चुकली का ती हाडं धरून अशी कळवळते का पायवत नाही. पुडीत आता थोड्याच उरल्या. नवऱ्याले विचारलं तं तो म्हणे, तुह्यं तू पाय.

माय वं, तुमी काय केलं असतं?