पाच नंबरची नाराजी

आठ-दहा माणसं दिवसभर परक्यांची नाराजी वाचत बसली की किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर इतके साचलेत की चहाच्या सुट्टीत कुणी नवीन आलं की कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न पडतो. फक्त आधीच कबूल करते, यातल्या बहुतेक किश्श्यांत मी कुणावर तरी जळत असते. ती कुणीतरी म्हणजे मयुरी तांडेल.

परळला जुन्या गिरणीच्या जागेत आमचं ऑफिस. एक डॅनिश कंपनी खुर्च्या आणि दिवे विकते, तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आम्ही निस्तरतो. काही मेल इंग्रजीत, काही डॅनिशमध्ये. भाषांतर मशीन करतं, पण माणूस किती चिडलाय हे मशीनला कळत नाही. म्हणून प्रत्येक मेलला आम्ही एक ते पाच नंबर द्यायचा. एक म्हणजे किरकोळ कुरकुर, पाच म्हणजे गिऱ्हाईक हातचं चाललं. पाचला मेल पाठवायचा नाही. ज्याने नंबर दिला त्यानेच चोवीस तासांत फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमची नाराजी आमच्यापर्यंत पोचली आहे."

मयुरी आली त्या वर्षी आमच्यातल्या एकाला वर्षभरासाठी कोपनहेगनला पाठवणार होते. तो एक म्हणजे मीच, हे माझं मी ठरवून टाकलं होतं. बारा वर्षांची नोकरी आणि वर इंग्रजीतलं एम.ए.! लालबागला घरी लोकरीचे मोजेसुद्धा आणून ठेवले होते.

* * *

भिंतीवरचा तक्ता मी केला होता. एका बाजूला रागाचे इंग्रजी शब्द, ॲनॉइड, मिफ्ड, पीव्ड, क्रॉस, फ्युरियस, लिव्हिड. समोर डिक्शनरीतून काढलेले डॅनिश, इरिटेरेत, सुर, व्रेद, रासेने. प्रत्येकाला नंबर.

आमचे साहेब शिरोडकर सर, गिरगावातल्या फणसवाडीचे. त्यांनी चष्मा वर करून तक्ता बघितला. "वैशाली, मिफ्ड आणि पीव्डमध्ये फरक काय गं?"

"सर, मिफ्ड म्हणजे नणंद. पीव्ड म्हणजे सासू!"

"आणि लिव्हिड?"

"दोघी एकदम!"

सर आठवडाभर हा विनोद सगळ्यांना सांगत होते. तेव्हा ऑफिसात माझं राज्य होतं हो!

* * *

एकदा एका डॅनिश गृहस्थाचा मेल आला. त्यात नरकाचा उल्लेख तीनदा आणि सैतानाचा एकदा. मी ताबडतोब पाच नंबर दिला, पाणी प्यायले, फोन लावला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं.

"नाराजी?" तो म्हणाला. "अहो, खुर्ची फर्स्ट क्लास आहे. एक स्क्रू कमी आलाय फक्त!"

त्याच दिवशी दुसरा मेल होता, दोनच ओळींचा. 'दिवे मिळाले. लित स्कुफेत आहे.' म्हणजे थोडासा निराश. तक्त्याप्रमाणे मी एक नंबर दिला आणि छापील दिलगिरी पाठवून दिली. महिन्याभराने कळलं, तो माणूस चार हॉटेलांसाठी दिवे घ्यायचा. त्यानंतर त्याने आमच्याकडून एक बल्बसुद्धा घेतला नाही. सर येऊन तक्त्याकडे बघत उभे राहिले.

* * *

मग मयुरी आली. वय पंचवीस, घर कफ परेडला मच्छीमार नगरात. बसमध्ये मोबाईलवर डॅनिश शिकायची. दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्या तक्त्यासमोर उभं राहून सगळ्यांदेखत विचारलं, "ताई, हे उलटं नाही का?"

"काय उलटं?"

"माझी आई मासे विकते ना. जी बाई ओरडते, 'लुटतेस काय गं मेले!', ती पापलेट घेऊनच जाते. जी हळूच म्हणते ना 'राहू दे', ती परत येतच नाही. आई म्हणते, ओरडणारीला सांभाळू नको, 'राहू दे'वालीच्या मागे धाव. ही डॅनिश लोकं सगळी 'राहू दे'वाली आहेत!"

सर टाळ्या वाजवायचेच राहिले होते. तक्ता उतरला. नवीन तक्त्यावर शिव्या एक नंबरला गेल्या आणि 'थोडासा निराश' पाचला! माझं एम.ए. एका पापलेटापुढे पडलं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. खरं सांगते, राग मयुरीचा नव्हताच, हे मला का सुचलं नाही याचा होता. मग हळूहळू मयुरीचाही यायला लागला.

* * *

कोपनहेगनहून मेटेबाई आल्या. आमच्या कामावर देखरेख त्यांची, म्हणजे तिकडे पाठवायचं कुणाला हेही त्याच ठरवणार. मी नवी साडी नेसले. सरांनी हौसेने त्यांना गिरगावात मिसळ खायला नेलं, सोबत मी आणि मयुरी.

मेटेबाईंनी एक घास खाल्ला, थोडं थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "इंटरेस्टिंग."

"आवडली!" सर खूश. "अरे, मॅडमना अजून एक प्लेट! तर्री जास्त!"

मयुरी सरांच्या कानाशी लागली. "सर, चार नंबर."

"काय?"

आता मेटेबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. "व्हेरी इंटरेस्टिंग."

"सर, पाच!"

मयुरी धावत जाऊन ताक घेऊन आली. मेटेबाईंनी दोन ग्लास संपवले आणि उठून मयुरीला मिठी मारली. माझ्या नव्या साडीकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. उरलेल्या दोन्ही प्लेट मिसळ मी खाल्ल्या.

* * *

नंबर द्यायची सवय घरापर्यंत पोचली. कॅन्टीनचा चहा दोन, सोसायटीचा सेक्रेटरी तीन, असं आमचं चाललेलं असायचं. सासूबाई दिराकडे भायखळ्याला राहतात. त्यांच्या वाढदिवसाला मी गेले नाही. रात्री नवऱ्याने फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आसांदे रे, तिका कामा असतत."

नवरा म्हणाला, "बघ, आई किती समजूतदार!"

आसांदे! म्हणजे असू दे! म्हणजे 'राहू दे'ची सख्खी बहीण! मी मनात पाच नंबर दिला आणि सकाळी स्वतः फोन लावला. "आई, चुकलंच माझं. तुम्हाला वाईट वाटलं ना?"

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग आवाज आला, "तुका कसा कळला?"

लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा माझ्याशी अर्धा तास बोलल्या. आणि तेही मयुरीच्या नियमामुळे! याचासुद्धा मला राग आला.

* * *

एकदा चहा पिताना तिने विचारलं, "ताई, जळण्याला इंग्रजीत शब्द किती?"

मी दचकले. "दोन. जेलस आणि एन्व्हियस."

"डॅनिशमध्येपण दोन. आपलं माणूस दुसऱ्याकडे जाईल म्हणून जळायचं तो वेगळा. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून जळायचं तो मिसुन्नेली."

"मग तक्त्यावर लिही ना."

"कशाला ताई? हा शब्द कुणी मेलमध्ये लिहीतच नाही."

ती सहज म्हणाली आणि कप धुवायला गेली. मी घरी जाऊन आरशासमोर चार वेळा 'मिसुन्नेली' म्हणून बघितलं. उच्चार अगदी बरोबर जमत होता.

* * *

आणि आता शेवटचा.

कोपनहेगनसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला होता. मुलाखतीत माझ्या इंग्रजीत एक चूक झाली नाही. निवड मयुरीची झाली. सगळ्यांना ठाऊक होतं तसंच झालं, तरी मी दोन दिवस रजा घेतली आणि सगळ्यांना सांगितलं की कणकण आहे. मोजे कपाटात मागे टाकले.

तिच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता केक कापला आणि मोठं कार्ड फिरलं. सगळ्यांनी तिला धुतलं. एकाने लिहिलं, 'सुटलो बाई तुझ्या सुकटीच्या वासातून!' दुसरीने लिहिलं, 'माझी छत्री परत केल्याशिवाय विमानात बसलीस तर बघ!' सरांनीसुद्धा लिहिलं, 'नालायक, आता तक्ता कोण बघणार?'

कार्ड माझ्याकडे आलं. मी छान अक्षरात लिहिलं, 'अभिनंदन, मयुरी. खूप आनंद झाला. शुभेच्छा.' आणि खाली सही केली.

मयुरी एकेकाचं वाचून खो खो हसत होती. माझ्या ओळीपाशी आली आणि थांबली. दोनदा वाचली. मग टेबलावरचं लाल स्केचपेन उचललं, माझ्या सहीशेजारी एक छोटासा आकडा लिहिला आणि कार्ड बंद करून बॅगेत टाकलं. निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडली, माझ्याही.

पहाटेच्या विमानाने ती गेली.

त्या दिवशी ऑफिसात तिची खुर्ची रिकामी होती. पावणेपाचला माझा मोबाईल वाजला. परदेशातला नंबर. पाठीमागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या आणि धापा टाकत असल्यासारखा तिचा आवाज.

"वैशालीताई? तुमची नाराजी आमच्यापर्यंत पोचली आहे."